डबा संपल्यानंतरचा प्रश्न

सकाळी एक शेक, रात्री एक शेक, दुपारी घरचे जेवण. वजन उतरवण्याचा हा बेत आता मुंबई-पुण्याच्या जिमपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाळ्यात ‘न्यूट्रिशन क्लब’ चालतात; सकाळी लोक तिथे काट्यावर उभे राहतात, पेलाभर शेक पितात आणि जाताना महिन्याचा डबा घेऊन जातात. शहरात औषधांच्या दुकानात, मॉलमध्ये आणि मोबाइलवरच्या ॲपवर याच मालाची महागडी रूपे मिळतात, सोबत जेवणाऐवजी खायचे बारही. हे आरोग्याला चांगले का, असे विचारले की दोन ठरलेली उत्तरे येतात. विकणारा म्हणतो, यात इतकी जीवनसत्त्वे आणि खनिजे आहेत की तुमच्या पोळीभाजीत ती मिळणार नाहीत. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, पावडर पिऊन कुणाचे भले झालेय, चार घास नीट जेव. दोन्हींत थोडे खरे आहे, पण दोन्ही उत्तरे डब्याच्या आतच पाहतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर जो भक्कम पुरावा जमला आहे तो वाचला, की या पदार्थांनी वजन उतरते याबद्दल शंका उरत नाही. ते उतरलेले राहते का, हे मात्र डबा कोणाला दिला, किती दिवस दिला आणि तो बंद झाल्यावर त्या माणसाच्या ताटाचे काय झाले यावर ठरते. आपल्याकडची विक्री हा शेवटचा भाग गाळून चालते, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

या मालाला साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक काळे पानही आहे. १९५९ साली अमेरिकेत मीड जॉन्सन या बालआहार बनवणाऱ्या कंपनीने ‘मेट्रेकल’ नावाची पावडर बाजारात आणली. दिवसभरात ९०० कॅलरी, त्याही पेल्यातून. ती चालली, तिच्या नकला निघाल्या. १९७६ मध्ये रॉबर्ट लिन या डॉक्टरचे एक पुस्तक गाजले आणि ‘द्रव प्रथिनां’ची लाट आली. जनावरांची कातडी आणि स्नायुबंध यांपासून काढलेल्या कोलॅजेनचे ते द्रावण होते. प्रथिन म्हणून निकृष्ट, खनिजांची वानवा, आणि दिवसाच्या कॅलरी ४०० च्याही आत. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत हे पिणाऱ्या पन्नासहून अधिक लोकांच्या मृत्यूची नोंद झाली. त्यांतल्या बऱ्याच तरुण स्त्रिया होत्या आणि अनेकींच्या हृदयाची लय अचानक बिघडली होती. ‘पावडरीने माणसे मरतात’ ही भीती म्हणजे निव्वळ आजीबाईची कल्पना नव्हे, ती तिथून आली आहे. मात्र त्यानंतर नियम आले. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९१ मध्ये वजन कमी करण्यासाठीच्या अशा आहाराचे माप ठरवले. एका जेवणाऐवजी घ्यायचा पदार्थ २०० ते ४०० कॅलरींचा हवा, त्यातली २५ ते ५० टक्के ऊर्जा प्रथिनांतून यावी, स्निग्धांशातून ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, जीवनसत्त्वे आणि खनिजे ठरलेल्या प्रमाणात हवीत. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही (एफएसएसएआय) २०१६ च्या नियमांत विशेष आहाराच्या आणि पूरक पदार्थांसाठी वेगळी चौकट आखली. म्हणजे आज नियमाने बनवलेला शेक आणि १९७७ चे ते द्रावण यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आता पुराव्याकडे. या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. त्याचे नाव ‘डायरेक्ट’. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी तो उभा केला आणि पहिले निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये आले. टाइप-२ मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नाही आणि इन्सुलिन सुरू नाही, अशी सुमारे तीनशे माणसे त्यात होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी थांबवली आणि तीन ते पाच महिने त्यांना फक्त शेक आणि सूप दिले, दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरी. त्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत एकेक करून साधे जेवण परत आणले, आणि पुढे दर महिन्याला भेट ठेवली. वर्षाअखेरीस या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना मागे हटलेला होता. दुसऱ्या गटात ही संख्या ४ टक्के होती. ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरले, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांना ही सुटका मिळाली. मधुमेह हा एकदा लागला की जन्माचा सोबती, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्या समजुतीला इतका मोठा धक्का देणारा अभ्यास विरळा, आणि त्यात शेक हेच मुख्य साधन होते. पावडरीला सरसकट नाके मुरडणाऱ्यांनी हा आकडा आधी पचवायला हवा.

पण याच अभ्यासाची पुढची वर्षेही वाचायला हवीत, आणि जाहिरातवाले ती वाचत नाहीत. दोन वर्षांनी सुटका टिकलेल्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. पाच वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला, त्या शेकवाल्या गटातल्या ८५ जणांत ते १३ टक्के होते, आणि वजन सरासरी सहा किलोंनी कमी राहिले होते. सहा किलो ही खरोखर चांगली कमाई आहे, तिला कमी लेखू नये. तरी दिशा स्पष्ट दिसते. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा ‘ड्रॉपलेट’ हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाची अट नव्हती, फक्त स्थूलता होती. आठ आठवडे ८१० कॅलरींचा पूर्ण शेक-आहार आणि सोबत समुपदेशन घेणाऱ्यांचे वजन वर्षाअखेर सरासरी १०.७ किलोंनी कमी होते, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचे ३.१ किलोंनी. तीन वर्षांनी हेच आकडे ६.२ आणि २.७ झाले. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या प्रचंड चाचणीत पाच हजारांवर मधुमेही होते. त्यांतल्या एका गटाला शेक आणि बार फुकट दिले जात, आणि ज्यांनी ते जास्त नियमाने घेतले त्यांचे पहिल्या वर्षी जास्त वजन उतरले. तरीही २०१२ मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवली गेली, कारण साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराच्या झटक्यांत आणि पक्षाघातात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. त्या लोकांना इतर फायदे झाले, पण वजन उतरले म्हणजे हृदय वाचलेच, असे सरळ गणित मांडता आले नाही.

या सगळ्या चाचण्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. नुसता डबा हातात देऊन कुणालाही घरी पाठवले नव्हते. पूर्ण शेकवर न राहता एक-दोन जेवणांऐवजी शेक घेणाऱ्या लोकांवरच्या २३ चाचण्या २०१९ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. साधा कमी कॅलरींचा आहार घेणाऱ्यांपेक्षा शेकवाल्यांचे वजन वर्षभरात सरासरी जेमतेम दीड किलो जास्त उतरले होते. जिथे समुपदेशनाची जोड भरपूर होती, तिथे हा फरक कितीतरी वाढला. यातून मी असा निष्कर्ष काढतो की शेकमध्ये स्वतःची अशी चरबी जाळणारी कोणतीही शक्ती नाही. तो फक्त मोजलेले अन्न आहे. आपण काय आणि किती खातो याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. कढईत ओतलेले तेल, चहाबरोबरची दोन बिस्किटे, मुलाच्या ताटातले उरलेले, यांतले काही आठवणीत राहत नाही. शेकच्या पुडीवर कॅलरी छापून येतात आणि ‘आज काय खाऊ’ हा प्रश्न दिवसातून दोनदा मिटतो. महाराष्ट्राला याची चांगली ओळख आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ‘दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत जेवण संपवा’ असे सांगितले, तेव्हा लोकांनी ते उचलून धरले. त्यामागच्या शास्त्रावर वाद झाले, होतील. पण त्या नियमाची लोकप्रियता पाहिली की हे कळते, की थकलेल्या माणसाला पन्नास पर्यायांपेक्षा एक साधा नियम पाळणे सोपे जाते. शेक हाच सोपेपणा पैसे घेऊन देतो.

येथे एक वजनदार आक्षेप येतो. हे पदार्थ अतिप्रक्रिया केलेले आहेत. प्रथिनांचे अर्क, घट्टपणा आणणारे डिंक, कृत्रिम गोडी, चव, रंग. आणि अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाने माणूस जास्त खातो हे तर सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना संस्थेतच ठेवून हे दाखवले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न असे दिल्यावर, पहिल्या प्रकारात लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. हा अभ्यास मला पटतो. पण त्यात लोकांना हवे तेवढे खाण्याची मुभा होती, आणि शेकचा सगळा उपयोग ती मुभा काढून घेण्यात आहे. पुडी संपली की खाणे संपले. त्यामुळे काही महिन्यांच्या उपचारापुरता हा आक्षेप लंगडा पडतो. वर्षानुवर्षे मात्र तो पुरता लागू होतो. जो माणूस दोन वर्षे न्याहारीला गोड व्हॅनिला शेक पितो, त्याची जीभ गोडाचीच सवय जपत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की वजन ताब्यात ठेवण्याचा उपाय म्हणून साखरविरहित गोडी वापरू नये. शेकचे पाठीराखे याला उत्तर म्हणून पुन्हा पहिल्या वर्षाचे आकडे दाखवतात. प्रश्न तिसऱ्या वर्षाचा असतो.

बारबद्दल मी इतका उदार नाही. दुकानातल्या एकाच फळीवर तीन वेगळ्या जातींचे बार शेजारी शेजारी असतात: जेवणाऐवजी खायचा, व्यायामानंतरच्या प्रथिनांचा आणि निव्वळ ‘एनर्जी’चा. वेष्टने सारखी, दावे सारखे, आत मात्र खजुराचा गर, ग्लुकोज सिरप, ओट्स आणि वर चॉकलेटचा थर. कोडेक्सच्या मापाने २०० कॅलरींच्या बारमध्ये निदान साडेबारा ग्रॅम प्रथिने हवीत. वेष्टन उलटून पाहिले तर कित्येक बार तिथेच नापास होतात. ओट्स, मध आणि सुका मेवा असलेला बार पोषणात शेंगदाण्याच्या चिक्कीच्या जवळ जातो, आणि चिक्की निदान स्वतःला जेवण म्हणवून घेत नाही. काहींत साखरेऐवजी माल्टिटॉल असते आणि चिकोरीचा तंतू घातलेला असतो. त्याने अनेकांचे पोट फुगते, बिघडते. शिवाय बार चार घासांत संपतो, त्यावर पाणीही प्यायले जात नाही, आणि अर्ध्या तासात दुसरा फोडला जातो. वजन उतरवण्याच्या मोठ्या चाचण्यांतला बहुतेक पुरावा शेक-सूपचा किंवा शेकबरोबर मोजून दिलेल्या बारचा आहे. प्रवासात जेवण चुकणार असेल तेव्हा बार वडापावपेक्षा बरा, यापलीकडे त्याची शिफारस करण्याजोगे मला काही सापडत नाही.

हा सगळा पुरावा गोऱ्या लोकांचा, आपल्याला तो का लावायचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर शेकच्या विरोधात जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हाडे लहान, स्नायू कमी, पोटात चरबी जास्त, ही आपली घडण. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर मानतात. आयसीएमआरच्या ‘इंडिॲब’ या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख सांगितला, आणि त्याच पाहणीच्या पुढच्या विश्लेषणात आपल्या ताटातल्या साधारण ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात असे दिसले. आधीच स्नायू कमी असलेल्या माणसाने जेवण नुसते अर्धे केले, भात-पोळी अर्धी आणि डाळही अर्धी, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रथिने नीट असलेला शेक या बाबतीत उपाशी राहण्यापेक्षा, फळांच्या रसावर राहण्यापेक्षा, फक्त काकडी खाण्यापेक्षा खरोखर बरा आहे. हे मी मनापासून म्हणतो, कारण आपल्याकडे ‘डाएट’ म्हणून जे चालते त्यातले बरेचसे याहून वाईट आहे.

मग प्रथिने ताकात, मुगाच्या धिरड्यात, उसळीत, अंड्यात, मासळीत नाहीत का? आहेत, आणि शेकवाल्यांना सर्वांत अडचणीचा पुरावा तिथूनच येतो. ‘डायरेक्ट’चेच माइक लीन यांच्या सहभागाने काठमांडूत ७० मधुमेहींवर एक प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास झाला. तिथे विकतच्या पुड्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून आठ आठवडे सुमारे ८५० कॅलरींचा आहार नेहमीच्याच डाळभाताचा, मोजून, दिला. ४३ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटला. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण मोजमाप आणि सोबत या दोन गोष्टी असल्या तर पुडी अपरिहार्य नाही, एवढे तो दाखवतो. आणि घरच्या जेवणाचा आणखी एक फायदा कोणत्याही चाचणीत मोजला जात नाही. आपल्या घरांत शेक पिणारी व्यक्ती अनेकदा घरची बाईच असते. ती सगळ्यांसाठी पोळ्या लाटते, भाजीला फोडणी देते, आणि स्वतः ओट्याशी उभी राहून पेला संपवते. तिचे वजन उतरते, नवऱ्याच्या ताटातला भात आणि मुलांच्या डब्यातले तळण तसेच राहते. मधुमेह घराण्यातून चालतो. स्वयंपाकघर न बदलणारा उपाय एका माणसापुरता आणि काही महिन्यांपुरताच राहतो.

शुद्धतेचा प्रश्नही आपल्या बाजारात साधा नाही. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या डब्यावर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण खरे नव्हते, आणि काहींत बुरशीचे विष व कीटकनाशकांचे अंशही सापडले. त्या पावडरी शेक-आहाराच्या नव्हत्या, हे सांगायला हवे. पण दुकान तेच, ग्राहक तोच, आणि बरेच लोक प्रथिनांचा डबा जेवण म्हणूनच पितात. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या नव्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिन पावडरी घेणे टाळा, असा सल्ला दिला.

यापेक्षाही मोठा धोका औषधांचा आहे. ‘डायरेक्ट’मध्ये गोळ्या पहिल्या दिवशी थांबवल्या, त्या डॉक्टरांनी थांबवल्या. क्लबमध्ये डबा घेणारा मधुमेही ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण निम्मे करतो, तेव्हा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने पिष्टमय पदार्थ एकदम तोडले तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर उभे राहताना चक्कर येते. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि खाण्याशी ज्यांचे नाते आधीच बिघडलेले आहे अशी माणसे, यांनी या वाटेला जाऊच नये. लग्नाआधी दोन महिन्यांत आठ किलो उतरवण्यासाठी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला डबा देणारी मंडळी हे प्रश्न विचारत नाहीत.

‘मला फक्त पाच किलो उतरवायचे आहेत, त्यासाठी इतका खटाटोप कशाला’ असे म्हणणाऱ्याला माझे उत्तर असे की पाच किलोंसाठी शेकचीही गरज नाही. रात्रीच्या जेवणात भात-पोळी निम्मी, डाळ-उसळ दुप्पट, चहातली साखर बंद आणि रोज चालणे एवढ्यावर ते बऱ्याच जणांना जमते, सावकाश जमते. आणि ज्यांची नोकरीच अशी की दुपारचे जेवण हमखास चुकते, त्यांनी एका जेवणाऐवजी नियमाने बनवलेला शेक घेतला तर त्यात आरोग्याचे नुकसान नाही. समोशांपेक्षा फायदाच आहे. शेकची खरी जागा मात्र वेगळ्या माणसाकडे आहे: चाळिशी-पन्नाशीतला, पोट सुटलेला, दोन-चार वर्षांपूर्वी मधुमेह निघालेला, इन्सुलिनवर नसलेला. त्याला तीन महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ताटाकडे परतण्याचा बेत आधी ठरवून शेक दिला तर त्याच्या आयुष्याची दिशा बदलू शकते. पण नुसते वजन उतरवणे पुरत नाही. १९८८ मध्ये टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रेने चार महिने घन अन्न न खाता, फक्त अशा पेयावर सुमारे ३० किलो वजन उतरवले आणि साऱ्या अमेरिकेला टीव्हीवर दाखवले. ते वजन परत आले, आणि पुढे तिने ते मोकळेपणाने सांगितले. तिच्याकडे पैसा, स्वयंपाकी, डॉक्टर सगळे होते. शरीर उतरलेले वजन परत मागते. भूक वाढवते, ऊर्जेचा खर्च कमी करते. त्या मागणीला तोंड कसे द्यायचे हे शिकवणारे कुणी सोबत नसेल तर इच्छाशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी विकणाऱ्याला एवढेच विचारा: हा कधी बंद करायचा, बंद करताना पहिल्या आठवड्यात काय जेवायचे, आणि तीन किलो परत चढले तर कुणाकडे यायचे. ‘डायरेक्ट’मध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशी तयार होती, वजन परत चढू लागले तर दोन-चार आठवडे पुन्हा शेक देण्याची सोयसुद्धा होती. उत्तर ‘बंद करूच नका’ असे आले तर परत फिरा. आणि ज्यांच्या हातात सरकारी आरोग्यव्यवस्था आहे, त्यांनी हे काम बाजारावर सोडू नये. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहाच्या गोळ्या मिळतात. मोजलेल्या आहाराचे तीन महिने आणि पुढची दोन वर्षांची सोबत तिथे सुरू करता येईल, शेकवर किंवा आपल्याच डाळभातावर. त्यासाठी मोठी रुग्णालये लागत नाहीत. ब्रिटनमध्ये हा उपचार गावोगावच्या साध्या दवाखान्यांतल्या परिचारिकांनी आणि आहारतज्ज्ञांनी दिला, आणि त्यासाठी त्यांना एकूण आठ तासांचे प्रशिक्षण मिळाले होते.